थोरल्या जांभळीचे अखंड पान

वाडीतली माणसे म्हणत, भैरोबाने बहिरूला दाव्याला बांधलेला आहे; दावे इतके लांब की सकाळच्या गाडीने जाऊन जुन्नरचा बाजार करून यावा, आणि इतके आखूड की बाहेर मुक्काम पडू नये. कोणी त्याला देवाचा घरजावई म्हणे: मान मोठा, हलायची सोय नाही. पाणवठ्यावरच्या बायकांची जीभ याहून तिखट. त्या म्हणत, ठमाबाईने नवरा केला नाही, खुंटा केला. बहिरूच्या कानावर हे सगळे येई. तो कोणाशी भांडला नाही, की कोणाला हसून टाळीही दिली नाही.

ही वाडी जुन्नर तालुक्याच्या पार पश्चिमेला, आंबेगावची हद्द लागते तिथल्या डोंगरसोंडेवर आहे. खाली भातखाचरे, वर नाचणी-वरईची उतरती राने, आणि दोहोंच्या मध्ये भैरोबाची राई. राईतले पान राईबाहेर न्यायचे नाही, मग ते झाडावरचे असो की गळलेले, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. दुसरा नियम दिव्याचा. रोज सांजवेळी भैरोबापुढे दिवा लागला पाहिजे, आणि तो पुजाऱ्याच्या घरातल्या एकाच माणसाने लावला पाहिजे. ज्याच्या हाती दिवा, त्याने शिवेबाहेर रात्र काढायची नाही. जुन्या माणसांना हा नियम जड गेला नसेल. शिवेबाहेर त्यांचे असे होते तरी काय? बहिरूचे होते. तो नारायणगावला मोटारी भरायच्या दुकानात कामाला होता. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीची तार उकलून नवी गुंडाळावी, बटण दाबावे आणि ती गुणगुणू लागावी, यात त्याचे मन रमले होते. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा एक मोटार अर्धी उकलून त्याने मांडणीवर ठेवली आणि दिवस घालायला तो वर आला. तेराव्याला भैरोबाला कौल लावला. राईतल्या थोरल्या जांभळीचे पान देवाच्या दगडावरून उजवीकडे पडले आणि दिवा त्याच्या हातात आला. ती मोटार पुढे कोणी भरली, हे त्याला कधीच कळले नाही.

संसार मात्र नीट झाला. ठमाबाई घोडेगावकडची, कामाला वाघीण. रोज सकाळी थोरल्या जांभळीखाली झाडायचे काम तिने आल्या दिवसापासून अंगावर घेतले होते. पाचोळा बाहेर टाकायची सोय नाही, म्हणून ती तो देवापुढच्या धुनीत घाली आणि त्याचाच अंगारा गावाला पुरे. एकच मुलगी झाली, मंगल. ती खोडदला दिली. जावई तिथल्या मोठ्या दुर्बिणीच्या आवारात माळीकाम करतो.

मंगलच्या बाळंतपणासाठी ठमाबाई गेल्या वर्षीच्या शिमग्याच्या आधी खोडदला गेली, ती परत आलीच नाही. रुसवा नव्हता. वाडीवर असताना दर पावसाळ्यात धुक्याने तिचा दम उसळे. ओल्या भिंतींच्या घरात ती उशाला टेकून बसूनच झोप काढी. खोडदच्या कोरड्या, सपाट रानात तिला पहिल्यांदा आडवे होऊन झोपता आले. डॉक्टरांनीही सांगितले, आता डोंगर नको. ठमाबाईने नवऱ्याला फोनवर एवढेच कळवले, "मी हितं निजते. तुमीबी या."

आता बहिरूने जायचे कसे? महिन्या-दोन महिन्यांनी तो पहाटेची गाडी धरी. जुन्नरला गाडी बदल, नारायणगावला बदल, खोडदला पोहोचेतो डोक्यावर ऊन. हातपाय धुऊन भाकरी मोडेपर्यंत परतीच्या गाडीची वेळ येई. नातीला मांडीवर घ्यावे तर ती अनोळखी माणूस बघून रडे, आणि तिचे रडे थांबेतो त्याला उठावे लागे. ठमाबाई दारात उभी राहून म्हणे, "पावणं, जपून जावा." जावयाला ते विनोद वाटे. बहिरू वहाणा घालता घालता मान खाली घाली.

सुटायची वाट एकच होती. दिवा पुतण्याच्या हाती द्यायचा. सुनील हा त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा, मंचरला शिकलेला, डोंगर बघायला येणाऱ्यांना वाटा दाखवून चार घरी ओळख मिळवलेला. त्याने कितीतरी वेळा कानावर हात ठेवले होते. यंदा संक्रांतीच्या सुमारास तो आपण होऊन म्हणाला, "काका, घेतो मी दिवा. पण एक हाय. चाकणच्या कंपनीत माझं नाव लागलंय. आखितीला कौल मिळाला तर ऱ्हातो, नाय मिळाला तर गेलो. परत इचारू नका."

दिवा धरणारा हयात असताना तो बदलायचा कौल फक्त अक्षय्य तृतीयेला लागतो. त्याची रीत कडक आहे. पान थोरल्या जांभळीचेच हवे, त्याच वर्षीच्या पालवीचे, आणि अखंड. ते जमिनीवर उभे राहून हाताने खुडायचे. आकडी लावायची नाही, झाडावर चढायचे नाही. वाडीतल्या वडीलधाऱ्याने ते भिजवून देवाच्या शेंदरी दगडाला चिकटवायचे. उजवीकडे गळाले तर हो, डावीकडे गळाले तर नाही. फाटके, कुरतडलेले पान देवाला दाखवायचेही नाही. बहिरूने स्वतः आयुष्यभर लोकांसाठी साधे कौल लावले होते, कोणाच्या हरवलेल्या म्हशीसाठी, कोणाच्या सोयरिकीसाठी. पानाची त्याला कधी चिंता पडली नव्हती. चिंता असे ती पान कुठे पडते याची.

समृद्धी पहिल्यांदा आली ती माघात. पुण्याच्या एका संस्थेत ती कीटकांचा अभ्यास करत होती. तिला हवा होता एक पतंग, नाचणीच्या दाण्याएवढा. फार जुन्या काळी कोणीतरी तो एकदाच पकडून टाचणीला लावून ठेवला होता, आणि खाली ठिकाण नुसते 'जुन्नरजवळ' असे लिहिले होते. जांभळीच्या पानात राहणारा किडा, एवढ्या धाग्यावर ती दोन तालुके फिरत होती. राईतल्या जुन्या पानांवर तिला हवी तशी लांबट गोल भोके सापडली, इथे एक, तिथे एक. मग पालवी फुटायच्या आधीच तिने ठिकठिकाणच्या काही डहाळ्यांना पातळ मलमलीच्या पिशव्या बांधल्या. पतंग आत शिरला नाही तर पान कसे वाढते, ते तिला बघायचे होते. बहिरूला तिने आधी विचारले होते. पिशवी बांधल्याने पान राईबाहेर जात नाही, असा निवाडा करून त्याने परवानगी दिली होती.

चैत्रात ती पुन्हा आली, आणि थोरल्या जांभळीपाशी येऊन उभीच राहिली. हाताला लागणाऱ्या एकूण एक पानावर पांढरट नागमोडी रेघा होत्या. काही पानांवर रेघेच्या टोकाला फोड आलेली, काहींवर फोडीच्या जागी आरपार भोक.

"काका, इकडे या," ती म्हणाली. तिने एक पान न खुडताच उन्हासमोर वळवले. "आत दिसतेय?"

पानाच्या आत काहीतरी बारीक, चपटे हलत होते.

"किडा हाय."

"अळी आहे. पतंग कोवळ्या पानात अंडे घालतो. अळी निघते ती आतल्या आतच. पानाची वरची साल आणि खालची साल, यांच्या मधला गर खात खात पुढे सरकते. ही रेघ म्हणजे तिचा रस्ता."

"म्हंजी भाकरीच्या पापुद्र्यात ऱ्हाती."

"तसेच."

"भाईर येतच न्हाई?"

"अळी आहे तोवर नाही. खाणे, वाढणे, कात टाकणे, सगळे आतच. पुरी वाढली की दोन्ही साली गोल कापते, रेशमाने कडा शिवते, आणि त्या पाकिटात बसून खाली पडते. म्हणून हे भोक."

बहिरूने वाकून पाचोळा चाळवला. गव्हाच्या दाण्याएवढी तपकिरी पाकिटे त्याच्या बोटांना लागली. आजवर त्याने ती कचराच समजली होती.

"मंग?"

"मग पडून राहते. पावसाळा, हिवाळा, सगळे त्यातच. पुढच्या शिमग्याला जांभळीला पालवी फुटली की पतंग होऊन निघते."

"आन तिला पाचोळ्यात कोण सांगतं, पालवी फुटली म्हून?"

"ते अजून कोणालाच माहीत नाही," समृद्धी म्हणाली.

लेण्याद्रीच्या डोंगरामागे, नाणेघाटाच्या पठारावर, भीमाशंकरच्या रानात, सगळीकडे तिने जांभळी तपासल्या होत्या. झाडे होती, पतंग नव्हता. तिचा कयास असा, की पाकिटे खाली पडतात त्याच सुमाराला डोंगरातली माणसे राब भाजतात. भाताचे रोप टाकायच्या वाफ्यावर शेण, फांद्या आणि रानातला पाचोळा पसरून जाळायचा, ही इकडची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. त्या पाचोळ्याबरोबर पतंगाची पुढची पिढी जळून जात असणार. या राईतले पान बाहेर जात नाही, म्हणून तो इथेच तगला.

"पण राईत इतरत्र तुरळक आहे," ती म्हणाली. "याच झाडावर एवढा कसा? गेल्या वर्षी असाच होता?"

"छ्या. एखाददुसरं भोक असायचं."

"मग वर्षभरात इथे काय बदलले?"

बहिरू विचारात पडला. पाऊस तेवढाच झाला होता. वीज पडली नव्हती, फांदी तुटली नव्हती. काहीच नाही, असे म्हणायला त्याने तोंड उघडले आणि त्याची नजर धुनीकडे गेली. धुनीत वर्षभराची जुनी राख घट्ट बसली होती, आणि झाडाखाली पाचोळा घोट्याएवढा साचला होता.

"ठमा गेली," तो म्हणाला. "झाडणारी गेली."

समृद्धीला उलगडा झाला: रोजच्या झाडण्याने पाकिटे खाणाऱ्या मुंग्या-किड्यांनीही इथली जमीन सोडली असणार, आणि वर्षभराच्या पाचोळ्यात पाकिटे निर्धास्त पडून राहिली. तिचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावेना. आता याखाली मुळीच झाडू नका, म्हणून तिने हात जोडले. बहिरूने मान डोलावली. त्याचे लक्ष दुसरीकडे होते. तो हाताला लागणारी पाने एक एक करून उलटत होता, आणि अक्षय्य तृतीया पुढच्याच महिन्यात होती.

त्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ थोरल्या जांभळीखाली फिरू लागला. आज एक पान कोरे दिसे, दोन दिवसांनी त्यावर केसाएवढी रेघ उमटे. टाचा उंचावून, फांद्या वाकवून त्याने बुंध्याभोवती किती फेऱ्या घातल्या असतील, देव जाणे. उंच शेंड्याला कोरी पाने वाऱ्यावर चकाकताना दिसत. तिथवर माणसाचा हात पोहोचत नव्हता, आणि आकडी लावायची नव्हती. फोनवर ठमाबाई विचारी, "कौलाचं कुठवर आलं?" तो सांगे, "हाय येळ अजून."

अक्षय्य तृतीयेला सगळी वाडी राईत जमली. सुनील नवा सदरा घालून आला होता. कौल लावायचा मान गेणभाऊंचा. वाडीत त्यांच्याएवढे वडीलधारे कोणी उरले नव्हते आणि त्यांच्या शब्दापुढे कोणी बोलत नसे. बहिरूच्या हाती दिवा दिला होता तोही त्यांनीच. पान शोधायला माणसे पांगली. बाया फांद्या वाकवू लागल्या, पोरे ओरडू लागली, हे बघा, हे बघा, आणि जवळ जाऊन बघावे तर प्रत्येक पानावर रेघ किंवा भोक.

"हे चालंल का वं? बारकं भोक हाय."

"भोक त्ये भोक. बारकं काय आन मोठं काय."

"पाहुणी आली किडं बघाया, आन किडं वाढलं."

"तिनं न्हाई आणलं. ठमाबाई झाडीत न्हाई, म्हून झालं."

"मंग ठमाबाईलाच दंड लावा."

समृद्धी एका बाजूला उभी होती. थोरल्या जांभळीच्या खालच्या फांदीवर तिच्या तीन पिशव्या होत्या. त्या उघडल्या तर तिच्या तुलनेतले हे झाड बाद होणार होते. ती पुढे झाली आणि म्हणाली, "या पिशव्यांतली पाने कोरी आहेत. घ्या यातले."

सुनीलने मलमल सोडली. आत तांबूस, तुकतुकीत पाने होती, एकावरही ओरखडा नव्हता. बहिरूने हात पुढे केला.

"थांब," गेणभाऊ म्हणाले. "ह्ये पान कापडात वाढलंय. ह्याला वारा लागला न्हाई, ऊन धड लागलं न्हाई. देवाच्या राईत ऱ्हाऊन त्ये राईचं न्हाई झालं. आसलं पान लावून कौल घिऊ, आन उद्या पोराला कायबाय झालं तर कुणाला धरायचं?"

"गेणभाऊ, पान अखंड हाय," बहिरू म्हणाला.

"अखंड ऱ्हावं म्हून बांधून ठिवलंय त्ये. आपसूक ऱ्हायलं न्हाई."

"दुसरं न्हाई ना पर."

"न्हाई तर न्हाई. देवानंच पानं बंद केली बहिरू, आता मानसानं काय करायचं? पुढल्या आखितीला बघू. येवढी वर्सं काढलीस, एक साल आनखी."

कोणी विरोध केला नाही. वाडीला त्यात जाच नव्हता. दिवा आजही लागणार होता, उद्याही लागणार होता. सुनील सदऱ्याची बाही दुमडत काकाजवळ आला. "मी सांगितलं व्हतं काका," तो हळू आवाजात म्हणाला. "मंगळवारी निघतो." नारळ फुटला, खोबरे वाटले गेले. सांजवेळी बहिरूने दिवा लावला आणि सुनीलने सोडलेली मलमल नीट घडी करून समृद्धीकडे दिली.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच्या गाडीने निघाला. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती. खोडदला पोहोचला तेव्हा ठमाबाई अंगणात नातीला घेऊन बसली होती. मागे रानात दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून होत्या. त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती नातीला घेऊनच उठली. आधी पाणी दिले, मग ताट वाढले. चार घास पोटात गेल्यावर त्याने सगळे सांगितले: रेघा, भोके, पाचोळ्यातली पाकिटे, पिशवीतले पान, गेणभाऊ.

"सगळी पानं?" ठमाबाईने विचारले.

"हाताला येत्यात तेवढी सगळी."

"मी झाडीत व्हते तवा आसं न्हवतं."

"न्हवतं."

ती उठून आत गेली. फळीवरची वळकटी काढल्याचा आवाज आला, मग लुगड्यांच्या घड्या. मंगल दारातून डोकावून म्हणाली, "आई, काय करतीस?"

"जाते ह्यांच्यासंगं. पाऊस लागायच्या आत झाडून जाळते समदं. पुढल्या शिमग्याला किडा निघायचा न्हाई, आन आखितीला पान मिळंल. त्यो सुनील नसंल तर दुसरं कोनी बघतील."

"आन तुझा दम?"

"दम काय, बसून निजंन पयल्यासारखी."

बहिरू ताटावरून बघत होता. वळकटीला दोरी आवळताना ठमाबाई मध्येच थांबली. एक हात भिंतीला लावून, तोंड उघडे ठेवून तिने श्वास गोळा केला, आणि पुन्हा दोरीला हात घातला. दोन गाठींच्या मध्ये ती दोनदा थांबली. वर्षभरात तो विसरला होता, तो आवाज त्याला ऐकू आला, ओल्या लाकडात करवत अडकावी तसा.

"ठमे, खाली बस," तो म्हणाला.

"गाडीची येळ हुईल. तुमी जेवा."

"बस म्हनतो ना."

ती वळकटीवरच बसली. बहिरूने उरलेली भाकरी सावकाश खाल्ली. ताक मागून घेतले. हात धुऊन तो भिंतीला टेकला आणि त्याने नातीपुढे बोट धरले. ती रडली. तो उठला नाही. फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला, थोडा वेळ थांबून परत वाजला, मग गाडी गेल्याचा आवाज आला. मंगलने आईकडे बघितले. आईने तिला डोळ्यानेच गप्प राहायला सांगितले. रडून दमलेल्या पोरीने शेवटी ते बोट धरले आणि तोंडात घातले.

उन्हे कलली तसा फोन वाजला. गेणभाऊ होते. मागे चार माणसांचा गलका ऐकू येत होता.

"बहिरू, कुठवर आलास? जुन्नर सोडलं का?"

"खोडदलाच हाय."

"गाडी चुकली व्हय? थांब, सुनीलला मोटारसायकल घिऊन नारायनगावला धाडतो. अंधार पडायला येळ हाय अजून."

"चुकली न्हाई, सोडली. नका धाडू कुनाला."

गेणभाऊंनी घसा खाकरला. "आरं, सांज हुईल आता. दिवा कोन लावनार?"

बहिरूने नातीच्या तोंडातले बोट न काढता फोन दुसऱ्या कानाला धरला.

"गेणभाऊ," तो म्हणाला, "काडेपेटी तुमच्याबी घरात हाय."